मोरबाथचें देऊळ आणि त्याची जमाखर्चाची वही

देवळाची ज्युबिली आली म्हणजे आपण त्याच्या पायाच्या दगडाची तारीख शोधतों, ज्या बिशपांनीं त्याला आशीर्वाद दिला त्यांचें नांव घेतों, आणि आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंची यादी छापतों. हें योग्यच आहे. परंतु देऊळ एकदां बांधलें म्हणजे बांधून संपलें असें होत नाहीं. छप्पर गळतें, घंटेचा दोर झिजतो, मेणबत्त्या जळून जातात, वस्त्रें विरतात. दरवर्षीं कोणी ना कोणी त्याची भरपाई करीत असतो, म्हणूनच शंभर वर्षांनंतरहि तें उभें दिसतें. हा "कोणी ना कोणी" इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. तो जेथें नांवानिशीं, आपल्या मेंढरांसकट आणि आपल्या तांब्याच्या-चांदीच्या नाण्यांसकट सांपडतो, असें एक जुनें देऊळ इंग्लंडांत आहे. त्याची हकीकत या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत डेव्हन नांवाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर सीमेजवळ, एक्समूर नांवाच्या उंच व वारा सोसणाऱ्या माळरानाच्या कडेला, मोरबाथ हें खेडें वसलें आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं तेथें अवघीं ३३ कुटुंबें राहत होतीं. लहानथोर मिळून सुमारें १५० माणसें. जमीन चढउताराची, घरें विखुरलेलीं, आणि उपजीविकेचा मोठा आधार म्हणजे मेंढरें. अशा गांवाचा इतिहास लिहून ठेवण्याची गरज त्या काळीं कोणालाहि भासत नसे.

परंतु १५२० सालीं तेथें एक धर्मगुरु आला. त्याचें नांव ख्रिस्तोफर ट्रिकी. त्या काळीं इंग्लंडांत गांवच्या धर्मगुरूला आदरानें "सर" म्हणत. म्हणून लोक त्याला सर ख्रिस्तोफर म्हणूं लागले. १५७४ मध्यें मरेपर्यंत तो तेथेंच राहिला. चोपन्न वर्षें, आणि एकच देऊळ! त्यांतील जवळजवळ सर्व वर्षांचा देवळाचा जमाखर्च त्यानें स्वतःच्या हातानें लिहून ठेविला. हा हिशेब वर्षाकाठीं सर्व गांवापुढें मोठ्यानें वाचला जात असे. म्हणून त्यांत आंकड्यांबरोबर बोलणेंहि उतरलें आहे. कोणी काय दिलें, कोणाकडचें मेंढरूं मेलें, कोणाचें देणें राहिलें, कोणासाठीं प्रार्थना करावयाची, हें सारें त्यांत आहे. ही वही १९०४ सालीं छापली गेली. पुढें २००१ सालीं ईमन डफी या कॅथलिक इतिहासकारानें तिच्यावर एक ग्रंथ लिहिला, आणि या आडबाजूच्या खेड्याचें नांव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडीं झालें.

प्रथम देवळाची रचना समजून घेऊं. मध्ययुगांतील इंग्रजी खेड्याचें देऊळ पूर्वपश्चिम बांधीत. पश्चिमेच्या टोंकास दगडी बुरूज, आणि त्यांत घंटा. बुरुजाला लागून लांबट सभामंडप. हा लोकांचा भाग. त्याच्या पूर्वेस, बहुधा त्याहून अरुंद व ठेंगणा असा, मुख्य वेदीचा गाभारा. दोहोंच्या मध्यें कोरीव लांकडी पडदी असे. तिच्या खालच्या भागांत भरीव फळ्या आणि वरच्या भागांत जाळी. म्हणजे वेदी झांकलीहि जात नसे आणि अगदीं उघडीहि पडत नसे. पडदीच्या माथ्यावर, छपराच्या तुळयांखालीं, मोठा क्रूस उभारलेला असे. त्याच्या एका बाजूस शोकाकुल पवित्र माता मरिया, दुसऱ्या बाजूस संत योहान. सभामंडपांतल्या माणसानें मान वर केली कीं त्याला कालवारी दिसे, आणि त्या कालवारीच्या खालूनच वेदीकडे वाट जाई. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला मिस्साचा अर्थ सांगण्यास याहून चांगला धडा कोणता?

मोरबाथचें देऊळ संत जॉर्ज याच्या आश्रयाखालीं होतें. अजगराला मारणारा घोडेस्वार संत, वरून तो पराक्रम पाहणारे राजा व राणी, असा त्याचा देखावा तेथें होता. बाजूला येशूच्या नांवाची वेदी होती. निरनिराळ्या संतांच्या मूर्ति होत्या, आणि प्रत्येकीपुढें मेणबत्ती किंवा दिवा तेवत असे.

या रचनेच्या पाठीमागें धर्मसभेचा कायदाहि उभा होता. तेराव्या शतकापासून इंग्लंडांत अशी रीत ठरून गेली कीं, दशांशाचें मुख्य उत्पन्न ज्याच्याकडे जाई त्यानें गाभाऱ्याची डागडुजी करावी, आणि सभामंडपाची डागडुजी धर्मग्रामांतील लोकांनीं करावी. सुमारें १३०५ सालीं कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट विंचेल्सी यांनीं लोकांनीं पुरवावयाच्या वस्तूंची यादीच घालून दिली. चषक, मिस्साचें पुस्तक, गायनाचीं पुस्तकें, याजकाचीं वस्त्रें, मिरवणुकीचा क्रूस, धुपाटणें, पवित्र जलाचें भांडें, आजाऱ्याकडे पवित्र साक्रामेंत नेतांना पुढें वाजविण्याची लहान घंटा, मोठ्या घंटा व त्यांचे दोर, मृतांना नेण्याची तिरडी, असें सारें त्या यादींत आहे. मोरबाथचें मुख्य उत्पन्न शेजारच्या बार्लिंच येथील ऑगस्टिनी मठाकडे जात असे. म्हणजे गाभारा मठाकडे, आणि बाकीचें सारें देऊळ या ३३ घरांच्या अंगावर!

अंगावर म्हटलें म्हणजे ओझें वाटतें. पण ज्याच्या अंगावर डागडुजी, त्याचाच त्या वास्तूवर जीव, हा अनुभव घरांविषयींहि आहे आणि देवळांविषयींहि आहे. मोरबाथच्या वहींत हें ओझें गांवकऱ्यांनीं कसें वांटून घेतलें होतें तें पाहण्यासारखें आहे. मुख्य कारभारी दरवर्षीं बदलत. त्यांच्याशिवाय निरनिराळ्या मूर्तींच्या व ज्योतींच्या नांवानें लहान लहान फंड होते: पवित्र मातेचा, संत जॉर्जचा, येशूच्या वेदीचा, मृतांसाठीं लावावयाच्या ज्योतीचा. गांवच्या अविवाहित तरुणांचा एक फंड होता, व कुमारींचा एक होता. त्यांचे कारभारी तरुण व मुली स्वतःच असत. मुख्य कारभारीपणहि केवळ पुरुषांकडेच असे असें नव्हे. घराण्याची पाळी आली आणि घरांत कर्ती बाई असली, तर ती कारभारीण होई आणि गांवापुढें हिशेब देई.

पैसा कोठून येई? कांहीं देवळाच्या घरांतून. देवळाशेजारीं गांवजेवणाचें एक घर असे. तेथें वर्षांतून ठराविक दिवशीं "एल" नांवाची धान्याची बियर गाळून विकीत, शेजारच्या गांवांचे लोकहि येत, आणि नफा देवळाला जाई. परंतु खरें भांडवल होतें मेंढरांचें. प्रत्येक फंडाच्या नांवानें कांहीं मेंढरें असत. तीं गांवांतील शेतांवर वांटून दिलेलीं असत. एकाच्या कुरणांत पवित्र मातेची मेंढी, दुसऱ्याच्या कुरणांत संत जॉर्जची. लोकर विकली कीं ती रक्कम त्या त्या ज्योतीच्या मेणासाठीं. वर्षाकाठीं या मेंढरांची मोजणी होई आणि कोणतें कोठें आहे, कोणतें मेलें, कोणाला कोंकरूं झालें, हें धर्मगुरु सर्वांसमक्ष वाचून दाखवी. एका गांवकऱ्यानें मृत्युपत्रानें येशूच्या व संत सिडवेलच्या मूर्तींपुढें मोठ्या सणांना दिवा तेवत राहावा म्हणून मधमाश्यांचें एक मोहोळ ठेविलें. ज्याच्याजवळ रोकड नव्हती त्यानें मेण देणाऱ्या माश्याच देऊन टाकल्या.

ही संत सिडवेल कोण? ती डेव्हनची राजधानी जें एक्सेटर शहर, तेथील कुमारी हुतात्मा. सावत्र आईच्या चिथावणीवरून कापणी करणाऱ्यांनीं तिला शस्त्रानें मारलें अशी आख्यायिका आहे. सर ख्रिस्तोफर गांवांत आल्यावर त्यानें आपल्या खर्चानें तिची मूर्ति देवळास दिली. आरंभीं ही नवी मूर्ति धर्मगुरूची. पण लवकरच ती गांवाची झाली. मुलींना सिडवेल हें नांव ठेवण्यांत येऊं लागलें. बायकांनीं आपल्या लग्नाच्या आंगठ्या व रोझरीचे चांदीचे मणी दिले, आणि त्यांतून मूर्तीच्या पायाला चांदीचा जोडा घडविण्यांत आला.

नोव्हेंबर १५३४ मध्यें देवळांत चोरी झाली. चोरट्यानें शिडी लावून देवळाचें छप्पर गांठलें, शिडी वर ओढून घेतली, ती बुरुजाच्या खिडकीला लावली, आणि खिडकी फोडून तो घंटांपाशीं शिरला. तेथून खालीं उतरून त्यानें चकमकीनें उजेड केला, पेट्या फोडल्या, आणि चषक व संत सिडवेलचा चांदीचा जोडा घेऊन तो पळाला. आग पाडण्याची आपली चकमक मात्र तो मागें विसरून गेला. तिच्यावरून त्याची वाट उमगली, असें धर्मगुरु लिहितो. यानंतर गांवच्या तरुणांनीं व कुमारींनीं आपसांत वर्गणी केली आणि गांवावर कांहींहि भार न टाकतां नवा चषक आणून दिला. (याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १५३४ मध्यें, गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. आपल्याकडील जुन्या धर्मग्रामांचा उगम त्यानंतरच्या काळांतला. एवढ्यावरून या हकीकतीचा काळ वाचकांच्या ध्यानांत येईल.)

गांव म्हणजे सारे देवदूत होते असें मात्र कोणीं समजूं नये. देवळाच्या सेवकाचें वेतन कोणीं किती द्यावें यावरून तेथें वर्षानुवर्षें तंटा चालला होता, आणि तो मिटवितांना धर्मगुरूच्या नाकीं नऊ आले, हेंहि त्याच वहींत वाचावयास मिळतें. तरी त्यांचें भांडणहि देवळाच्या अंगणांत होतें; तें सोडून ते कोठें गेले नाहींत.

सर ख्रिस्तोफरच्या मनांत एक इच्छा होती. मृतांसाठीं होणाऱ्या मिस्साला घालावयाचीं चांगलीं काळीं वस्त्रें देवळांत नव्हतीं. त्यासाठीं त्यानें एक निराळा फंड आरंभिला, आणि देवळाच्या मेंढरांच्या लोकरीवरील स्वतःच्या हक्काचा दशांश त्यांत टाकण्यास सुरुवात केली. मरणारे गांवकरी त्यासाठीं कांहीं शिलिंग, कांहीं पेन्स ठेवून जात. दरवर्षीं हिशेब वाचतांना या फंडाची शिल्लक वाचली जाई. असें करतां करतां सुमारें वीस वर्षें लोटलीं. अखेरीस १५४७ मध्यें सहा पौंडांहून अधिक किंमतीचीं तीं वस्त्रें आलीं. आपल्या गांवांतील प्रत्येक मृताला यापुढें योग्य मान मिळेल, या विचारानें त्या वृद्ध होत चाललेल्या धर्मगुरूला केवढें समाधान झालें असेल! परंतु त्याच वर्षीं राजा आठवा हेन्री मरण पावला, आणि वस्त्रें आलीं तेव्हां तीं घालण्याचे दिवस संपत आले होते.

बदलाची चाहूल आधींच लागली होती. १५३४ मध्यें हेन्रीनें रोमशीं संबंध तोडून स्वतःला इंग्लंडच्या धर्मसभेचा मुख्य ठरविलें. १५३६ सालीं लहान मठ बंद करण्याचा कायदा झाला, आणि त्यांत बार्लिंचचा मठ गेला. मठाची एक कांचेची खिडकी, तिच्या लोखंडी गजांसह व दगडी चौकटीसह, मोरबाथच्या देवळांत येऊन बसली. गांवाला खिडकी मिळाली. परंतु शेकडों वर्षें ज्या मठाशीं या देवळाचा संबंध होता तो मात्र नाहींसा झाला. पुढें १५३८ मध्यें सरकारी आज्ञा सुटली कीं मूर्तींपुढील ज्योती विझवाव्या. केवळ मोठ्या क्रुसापुढें, पवित्र साक्रामेंतापुढें आणि पवित्र शुक्रवारच्या कबरीपुढें ज्योत ठेवण्यास मुभा होती. वरवर पाहतां ही आज्ञा मेणबत्त्यांविषयीं होती. पण मेणबत्ती गेली म्हणजे तिचा फंड गेला. फंड गेला म्हणजे त्याचीं मेंढरें गेलीं. आणि मेंढरें गेलीं म्हणजे ज्या मुलीला त्या फंडाची कारभारीण म्हणून गांवापुढें उभें राहतां येई तिची जागाहि गेली. एकामागून एक फंड बंद पडले. भिंतीचा एक दगडहि हलला नव्हता, आणि तरी देवळाचा एकेक खांब निखळत होता.

हेन्रीनंतर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला, आणि त्याच्या मंत्र्यांनीं उरलेलें काम वेगानें उरकलें. १५४७–४८ मध्यें सर्व मूर्ति काढून टाकण्याचे हुकूम निघाले. मृतांसाठीं चालणाऱ्या मिस्सांचीं दानें जप्त झालीं. मेंढरें विकावीं लागलीं. त्या वर्षीं मोरबाथची कारभारीण ल्यूसी सीली नांवाची स्त्री होती. तिच्या हिशेबांत धर्मगुरूनें दुःखानें नोंद केली आहे कीं, या काळांत देवळाला कोणी कांहीं दिलें नाहीं; जें गेलें तें देवळांतूनच गेलें. एडवर्डच्या साऱ्या कारकीर्दींत देवळाची सतत झीजच होत राहिली, असा त्यानें मागून अभिप्राय लिहून ठेविला. वस्त्रें व इतर वस्तु मात्र साऱ्याच विकल्या गेल्या नाहींत. कांहीं हळूच गांवकऱ्यांच्या घरीं गेल्या. कोणत्या घरीं काय आहे हें सर्वांना ठाऊक होतें आणि कोणीहि बोललें नाहीं.

१५४९ च्या जून महिन्यांत पेंटेकॉस्टच्या दिवसापासून इंग्रजी भाषेंतील नवी प्रार्थनाविधि सर्वत्र सक्तीची झाली. दुसऱ्याच दिवशीं डेव्हनमधील सँपफर्ड कोर्टनी या गांवीं लोकांनीं आपल्या धर्मगुरूला जुनाच मिस्सा करावयास लाविलें, आणि त्यांतून डेव्हन व कॉर्नवॉल या दोन्ही परगण्यांत बंड पेटलें. बंडखोरांनीं एक्सेटर शहराला वेढा दिला. त्यांची एक छावणी शहराबाहेर सेंट डेव्हिड्स डाऊन या टेकाडावर होती. आणि येथें मोरबाथची वही एकदम निराळ्याच आवाजांत बोलूं लागते. गांवानें आपल्यांतले पांच पुरुष त्या छावणीकडे पाठविले, आणि त्यांच्या शस्त्रांचा व वाटखर्चाचा पैसा देवळाच्या हिशेबांतून दिला! मूळ हस्तलिखित बारकाईनें वाचून डफी यांनीं ही गोष्ट पुढें आणीपर्यंत तिचा अर्थ कोणाच्या नीट ध्यानांत आला नव्हता. ज्या हातानें मेंढरांची मोजणी लिहिली, त्याच हातानें, त्याच शाईनें, हा खर्चहि लिहिला. लपविला नाहीं, नि मिरविलाहि नाहीं. ऑगस्टमध्यें राजाच्या सैन्यानें बंड मोडलें. हजारों माणसें मारलीं गेलीं.

या बंडाचें समर्थन करण्याचा येथें हेतु नाहीं. शस्त्रानें धर्म राखतां येत नाहीं, हें त्या पांच घरांना आपल्याहून आधीं कळलें. परंतु १५० माणसांच्या एका गांवानें, ज्यानें चोरीनंतरचा चषक मुलांच्या वर्गणीनें घेतला, त्यानें अखेर आपलीं माणसेंहि वर्गणींत घातलीं, हें वाचून मन थांबतें. त्यांना कोणी तत्त्वज्ञान शिकविलें नव्हतें. त्यांचें देऊळ त्यांनीं मेंढरूं मेंढरूं करून उभें ठेविलें होतें, आणि तें आपल्या हातून काढून घेतलें जात आहे एवढेंच त्यांना कळत होतें.

१५५३ च्या जुलैमध्यें एडवर्ड मरण पावला व त्याची कॅथलिक बहीण मेरी राणी झाली. मोरबाथच्या वहींतील सर्वांत गोड पानें या वेळचीं आहेत. गांवांतील घरांची दारें उघडूं लागलीं. एका घरांतून जुनें मिस्साचें पुस्तक आलें, दुसऱ्यांतून वस्त्र आलें. कोणीं मोठ्या क्रुसाजवळची मरियामातेची मूर्ति आणली, कोणीं संत जॉर्जच्या देखाव्यांतील राजा व राणी आणून दिलीं. सहा वर्षें हे राजाराणी कोण जाणे कोणत्या माळ्यावर, गवताखालीं, झोंपून राहिले होते! प्रत्येक वस्तु कोणाच्या घरून आली हें सर ख्रिस्तोफरनें नांवानिशीं लिहून ठेविलें. अशा रीतीनें तो हिशेब कृतज्ञतेची यादी झाला.

परंतु हा आनंद थोडाच टिकला. १५५८ मध्यें मेरी वारली, एलिझाबेथ राणी झाली, आणि १५५९ मध्यें पुन्हां नवी प्रार्थनाविधि आली. वेद्या पुन्हां निघाल्या. या वेळीं कोणी बंड केलें नाहीं. सर ख्रिस्तोफर जागचा हलला नाहीं; नवें पुस्तक हातीं घेऊन तो आपल्या लोकांतच राहिला, आणि पुढें पंधरा वर्षें हिशेब लिहीत राहिला.

येथें कॅथलिक वाचकांच्या मनांत एक प्रश्न उभा राहणारच. त्यानें असें राहणें बरोबर होतें काय? याच डेव्हन परगण्यांत जन्मलेल्या संत कुथबर्ट मेन यानें निराळें उत्तर दिलें. तो प्रथम नव्या पंथाचा उपदेशक होता. पुढें कॅथलिक होऊन समुद्रापलीकडे डूए येथें याजक झाला, गुप्तपणें स्वदेशीं परतला, आणि १५७७ मध्यें कॉर्नवॉलमधील लॉन्सेस्टन येथें त्यानें फांशीच्या खांबावर प्राण दिला. सर ख्रिस्तोफर वारल्याला तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. मेन याला आपण संत म्हणून वंदन करतों. सर ख्रिस्तोफरला करीत नाहीं, व करण्याचें कारणहि नाहीं. त्यानें आपलें मन राजाज्ञेपुढें वांकविलें. तरी त्याला भेकड म्हणावयास जीभ उचलत नाहीं. ज्यानें गांवचीं जवळजवळ सारीं मुलें बाप्तिस्म्याच्या पाण्याला धरलीं, ज्यानें त्यांचे आईबाप पुरले, त्याला कदाचित् असें वाटलें असेल कीं मी गेलों तर यांना कोण? हें उत्तर पुरेसें होतें कीं नाहीं तें परमेश्वर जाणतो. धर्मगुरूंना मात्र तो प्रश्न आपल्या उशाशीं ठेवून झोंपावें लागतें.

आज मोरबाथचें देऊळ इंग्लंडच्या अँग्लिकन धर्मसभेचें आहे, आणि अजूनहि संत जॉर्जच्याच नांवानें आहे. जुना बुरूज उभा आहे. पण त्याच्या माथ्यावरील उतरतें दुपाखी छप्पर व आंतील बरीचशी मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली, विल्यम बटरफील्ड या वास्तुशिल्पज्ञाच्या जीर्णोद्धारांतली आहे. संत सिडवेलची मूर्ति नाहीं, येशूची वेदी नाहीं, तीं काळीं वस्त्रें नाहींत. सर ख्रिस्तोफरच्या काळचें देऊळ पाहण्यासाठीं जर कोणी तेथें गेला, तर त्याला दगड थोडे सांपडतील. तें देऊळ आतां उभें आहे तें वहींत.

आणि येथेंच या लहानशा गांवाचा आपल्याशीं संबंध येतो. वास्तुशास्त्राचीं पुस्तकें मोठ्या कॅथेड्रलांच्या कमानी मोजतात. खेड्याच्या देवळाला तेथें दोन ओळी मिळतात, कारण त्याच्या भिंतींत विशेष असें कांहीं नसतें. मोरबाथनें दाखविलें कीं, खेड्याच्या देवळाचें शिल्प भिंतींत नसून वांटणींत असतें: कोणती ज्योत कोणाकडे, कोणतें मेंढरूं कोणाच्या कुरणांत, कोणतें वस्त्र कोणाच्या मरणोत्तर दानांतून. ज्यांनीं तें देऊळ रिकामें केलें त्यांनीं आधीं ही वांटणी मोडली. भिंतींना हात लावण्याची त्यांना फारशी गरजच पडली नाहीं. उलट, सहा वर्षांच्या आपत्तीनंतर जें कांहीं परत आलें तें कडीकुलपांच्या पेटींतून आलें नाहीं. तें गांवकऱ्यांच्या घरांतून आलें.

यासाठीं या ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामस्थांना एक विनंति आहे. आपल्या देवळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, निरनिराळ्या मंडळांचे हिशेब कोणाच्या घरीं असतील तर ते वाळवीच्या तोंडीं जाऊं देऊं नका. कोणाच्या आजीनें मेणबत्त्यांसाठीं किती आणे दिले, कोणाच्या आजोबांनीं छपराच्या कौलांसाठीं स्वतःची बैलगाडी किती फेऱ्या चालविली, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं तें सांगावें, आणि ज्यांना लिहितां येतें त्यांनीं तें नांवानिशीं लिहून घ्यावें. मोठ्या देणग्यांचीं नांवें संगमरवरी पाटीवर कोरलेलीं असतात. त्यांची काळजी दगड घेईल. आठ आण्यांची आणि मधमाश्यांच्या मोहोळाची काळजी कागदाला घ्यावी लागते.

सर ख्रिस्तोफर हिशेब वाचून संपवी तेव्हां ज्यांनीं कांहीं दिलें होतें त्या जिवंतांसाठीं व मृतांसाठीं प्रार्थना करण्यास तो सर्वांना सांगे. आपणहि या उत्सवांत आपल्या देवळाच्या नांव नसलेल्या सर्व कारभाऱ्यांसाठीं तशीच प्रार्थना करूं या. परमेश्वर त्यांस चिरशांति देवो, आणि त्यांनीं आपल्या हवालीं केलेली ही वांटणी आपण न मोडतां पुढच्यांच्या हातीं देऊं अशी बुद्धि आपणां सर्वांस देवो.